वैशाखातला उंच ढग

आषाढात राजगडावर जाऊन आलेल्या कोणालाही विचारा. गुंजवण्याहून चढताना पाऊस, पद्मावती माचीवर पाऊस, देवळात मुक्काम केला तर पहाटेपर्यंत पाऊस. सॅकमधला कोरडा म्हणून ठेवलेला शर्टही ओला. पण वीज कडाडली का, असं विचारलं तर माणूस जरा थांबतो. नाही, तसं काही आठवत नाही.

आता वैशाखातल्या दुपारी त्याच डोंगरावर असलेल्या माणसाला विचारा. पाऊस पडला तो जेमतेम अर्धा तास, धूळ बसवण्यापुरता. पण त्याआधी आणि त्यानंतर असा कडकडाट झाला, की बुरुजाच्या आड बसलेल्यांनी एकमेकांचे हात धरले.

हे जरा उलटंच आहे. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत घाटमाथ्यावर काही ठिकाणी ५,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि तो पाडणारे ढग बहुतेक वेळ मुके असतात. वळवाचा ढग त्यांच्या तुलनेत अगदी किरकोळ पाणी देतो आणि माणसं मारून जातो. भारतात दरवर्षी वीज पडून दोन हजारांहून अधिक माणसं मरतात. बहुतेक जण शेतात असतात, गुरांमागे असतात, झाडाखाली उभे असतात. उघड्या डोंगरधारेवर दिवसभर चालणारा ट्रेकर या सगळ्यांपेक्षा उंच जागी असतो, आणि तो तिथे हौसेनं गेलेला असतो.

आपण धोका मोजतो तो पावसावरून. छत्री काढायची वेळ आली की निघायचं, असा आपला हिशेब. वीज मात्र पावसाच्या प्रमाणात येत नाही. ती ढगाच्या उंचीच्या प्रमाणात येते, आणि ढग किती उंच जातोय हे पहिला थेंब पडण्याच्या बरंच आधी खालून दिसू शकतं.

ढग उंच का वाढतो?

मे महिन्यातली सकाळ घेऊ. आकाश निरभ्र, वारा नाही. आठ-नऊ वाजल्यापासून काळा कातळ तापायला लागतो. कातळाला लागून असलेली हवा तापते, हलकी होते आणि वर निघते. वर गेलेली हवा पसरते आणि पसरताना थंड होते. दर किलोमीटरला साधारण १० अंश, असा तो दर आहे. थंड होता होता एका उंचीवर तिच्यातल्या वाफेचे थेंब होतात. तिथे ढगाचा तळ.

गोष्ट इथेच संपली असती तर ढग लहानच राहिला असता. पण वाफेचं पाणी होताना उष्णता बाहेर पडते. पाणी उकळून त्याची वाफ करायला जी उष्णता घालावी लागते, तीच इथे परत मिळते. त्यामुळे ढगात शिरलेली हवा पुढे चढताना सावकाश थंड होते आणि आजूबाजूच्या हवेपेक्षा उबदारच राहते. उबदार म्हणून हलकी, हलकी म्हणून आणखी वर. वाफेचा पुरवठा चालू असेपर्यंत हे चालतं. जोरदार वाढणाऱ्या ढगात हवा सेकंदाला १० ते २० मीटर वेगानं वर जात असते.

आता प्रश्न असा, की मे महिन्यात देशावर हवा कोरडी असताना ही वाफ येते कुठून? ती कोकणातून येते. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, म्हणून समुद्राकडून जमिनीकडे खारे वारे वाहू लागतात. दमट हवा कोकणपट्टी ओलांडून दुपारपर्यंत घाट चढते. माथ्यावर तिची गाठ देशावरच्या तापलेल्या कोरड्या हवेशी पडते. दोन बाजूंनी आलेल्या हवेला वर जाण्याखेरीज वाट नसते. त्यात डोंगरउतार स्वतः तापून हवेला वर खेचत असतातच. म्हणून वळवाचा ढग पुष्कळदा दूर कुठेतरी तयार होऊन सह्याद्रीवर येत नाही, तो सह्याद्रीवरच जन्मतो. आपण ज्या धारेवर चालतो आहोत, तिच्याच डोक्यावर.

जुलैत चित्र वेगळं असतं. समुद्रावरची हवा रात्रंदिवस येतच असते, पण आभाळ झाकलेलं असल्यामुळे जमीन तापत नाही. हवा वर जाते ती मुख्यतः सह्याद्रीची भिंत आडवी आल्यामुळे. भिंत ओलांडली की तिला आणखी वर ढकलणारं फारसं काही उरत नाही, आणि वर जोराचा वारा व कोरडे थर ढगाची वाढ दाबून धरतात. घाटावरच्या पावसातला मोठा वाटा अशा बुटक्या ढगांचा असतो. त्यांचे माथे बहुधा पाच-सहा किलोमीटरच्या आतच राहतात. पावसाळ्यात आपल्याकडे शून्य अंशाची पातळी असते ती साधारण ५ ते ५.५ किलोमीटरवर. म्हणजे हे ढग तळापासून माथ्यापर्यंत जवळजवळ सगळे पाण्याचेच. थेंबावर थेंब आपटून मोठे होतात आणि कोसळतात. बर्फ नाही, म्हणून वीज नाही.

वळवाच्या ढगाचा माथा मात्र १२ ते १५ किलोमीटरपर्यंत जातो. कळसूबाईची उंची १,६४६ मीटर, म्हणजे महाराष्ट्रातल्या सर्वांत उंच शिखराच्या आठपट. त्यातला वरचा अर्ध्याहून अधिक भाग शून्याखाली असतो.

बर्फाची उफणणी

शून्याखाली गेल्याबरोबर ढगातलं पाणी गोठतं असं नाही. सूक्ष्म थेंब उणे १०, उणे २० अंशांतही पाण्याच्याच रूपात तरंगत राहू शकतात. त्यांच्याबरोबर बर्फाचे बारीक स्फटिक असतात, आणि गारांचे मऊ, पांढरे दाणेही असतात. हे तिन्ही एकत्र आले की वीज बनवायचं सामान जमलं.

दाणे आणि स्फटिक एकमेकांवर आपटत राहतात. प्रत्येक टक्करीत थोडासा विद्युतभार इकडचा तिकडे होतो. उणे १५ अंशांच्या आसपास आणि त्याहून थंड भागात दाण्याकडे ऋण भार जातो, स्फटिकाकडे धन. एका टक्करीतला भार नगण्य असतो, पण टक्करी असंख्य असतात.

तरीही नुसत्या टक्करींनी वीज झाली नसती, कारण दोन्ही भार एकाच जागी मिसळून राहिले असते. ते वेगळे करतो वर जाणारा वारा. खळ्यावर धान्य उफणताना बघा. पाटी एकच, वारा एकच, पण दाणा जवळ पडतो आणि भूस लांब उडून जातं. ढगात वारा आडवा नसून उभा असतो, एवढाच फरक. जड दाणे खाली किंवा मध्यावर रेंगाळतात आणि हलके स्फटिक माथ्याकडे उडून जातात. पंधरा-वीस मिनिटं ही उफणणी चालली, की ढगाच्या मध्यावर, सहा ते आठ किलोमीटर उंचीवर ऋण भाराचा थर आणि त्याच्या वर धन भाराचा थर तयार होतो. वाऱ्याचा जोर जितका जास्त, तितकी ही मांडणी लवकर होते.

ट्रेकरला उपयोगी पडणारी खूण इथे आहे, आणि ती फार कमी जणांना माहीत असते. उंच वाढणाऱ्या ढगाच्या कडेकडे पाहा. कडा रेखीव, फुगीर, चाकूने कापल्यासारखी स्पष्ट असेल तर माथा अजून पाण्याचा आहे. तीच कडा पुसट झाली, तंतूतंतूंची दिसायला लागली, माथा वर न जाता आडवा पसरू लागला, तर तिथे बर्फ झालं आहे. हवामानशास्त्रात या पसरट माथ्याच्या ढगाला ऐरणीचा ढग म्हणतात. कडा पुसट होऊ लागल्यावर पहिल्या गडगडाटाला फार वेळ लागत नाही. चहा ठेवून बिस्किटांचा पुडा उघडण्याची ती वेळ नव्हे.

वीज जागा कशी निवडते?

ढगाच्या मधल्या ऋण थरामुळे खालच्या जमिनीवर धन भार ओढला जातो. हा भार उंच आणि टोकदार जागी अधिक एकवटतो: शिखरावर, एकट्या झाडाच्या शेंड्यावर, बुरुजावरच्या झेंड्याच्या काठीवर, डोंगरधारेवर उभ्या माणसाच्या डोक्यावर.

पण ढगातून निघणाऱ्या विजेला सुरुवातीला यातलं काहीच माहीत नसतं. ती टप्प्याटप्प्यानं खाली येते. एकेक टप्पा सुमारे ५० मीटरचा, मध्ये सेकंदाच्या काही लाखांश भागाचा थांबा. दर थांब्यानंतर नवी दिशा, म्हणून ती वेडीवाकडी दिसते. जमिनीपासून शे-दोनशे मीटरवर आली, की खालच्या उंचवट्यांवरून धन भाराचे झोत तिच्याकडे झेपावतात. ज्याचा झोत आधी पोचला, त्याच्यावर वीज पडली. वाट जोडली जाताच सरासरी ३०,००० अँपिअरचा प्रवाह त्या वाटेनं धावतो. हवा क्षणात ३०,००० अंशांच्या घरात तापते. सूर्याच्या पृष्ठभागाचं तापमान साडेपाच हजार अंश आहे, यावरून कल्पना करा. इतकी तापलेली हवा स्फोटासारखी फुगते, आणि तोच कडकडाट.

यातून एक गोष्ट निघते. शेजारी उंच शिखर आहे म्हणून आपण सुरक्षित, हा समज खरा नाही. विजेचा निर्णय शेवटच्या पन्नासेक मीटरांत होतो. समोरचं शिखर पाचशे मीटर लांब असेल तर तुमच्या डोक्यावर आलेल्या टप्प्याला त्याचं काही देणंघेणं नसतं. त्या ५० मीटरांत सगळ्यांत उंच कोण, एवढाच प्रश्न. लांबलचक धारेवर त्याचं उत्तर बहुधा 'आपणच' असं येतं.

दुसरा समज धातूचा. हातातला मोबाइल किंवा कंबरेचं बक्कल वीज ओढून आणत नाही. उंची आणि टोक ओढतं, धातू नव्हे. उघडलेली छत्री धोक्याची असते ती डोक्यावर आणखी उंच टोक उभं राहतं म्हणून. मात्र पडलेली वीज लांबवर वाहून नेण्याचं काम धातू चोख करतो. राजगडाच्या चोर दरवाजाच्या वाटेवरचे लोखंडी कठडे, कळसूबाई आणि रतनगडाच्या शिड्या एरवी जीव वाचवतात. गडगडाटात त्यांना धरून ताटकळणाऱ्या रांगेला मात्र वर कुठेतरी पडलेल्या विजेचा झटका बसू शकतो.

अंगावर न पडलेली वीज

वीज पडून मेलेल्यांपैकी थेट डोक्यावर पडून मेलेले थोडेच असतात. अभ्यासकांच्या अंदाजानुसार सुमारे निम्मे बळी जमिनीतून पसरणाऱ्या प्रवाहाचे असतात. शेजारच्या झाडावरून किंवा भिंतीवरून अंगावर उडी घेणाऱ्या विजेचाही वाटा मोठा आहे.

जमिनीतला हा प्रवाह समजून घेण्यासारखा आहे. वीज एका जागी पडते आणि तिथून चहूकडे पसरते. पडल्या जागी विद्युतदाब प्रचंड असतो आणि लांब जाता जाता उतरत जातो. तुम्ही २० मीटरवर उभे आहात, एक पाय पुढे, एक मागे. दोन पायांखालच्या जमिनीतल्या दाबात फरक आहे. खडकाळ जमिनीत तो काही हजार व्होल्टपर्यंत जाऊ शकतो. मग प्रवाह एका पायातून वर चढतो आणि दुसऱ्यातून उतरतो. पाय जुळवून घेतले की हा फरक पुष्कळ कमी होतो. आडवं झोपणं सगळ्यांत वाईट, कारण तेव्हा डोक्यापासून पायापर्यंतचं पाच-साडेपाच फुटांचं अंतर या फरकाला मिळतं.

गुरं एका विजेत इतकी का मरतात, तेही यावरून कळतं. त्यांच्या पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर जास्त, आणि प्रवाहाच्या वाटेवर हृदय. नॉर्वेच्या हार्डांगरविडा पठारावर ऑगस्ट २०१६ मध्ये एकाच वादळात ३२३ रेनडिअर मेले. वादळात जनावरं एकमेकांना बिलगून उभी राहतात, आणि ही सवय तिथे कळपाला भोवली.

सह्याद्रीत या बाबतीत एक जादा अडचण आहे. माती खोल आणि ओली असेल तर प्रवाह लवकर आत मुरतो. आपल्या धारा मात्र कातळाच्या, वर जेमतेम वीतभर मातीचा थर. कातळ वीज सहज आत घेत नाही, त्यामुळे ती पृष्ठभागावरून, भिजलेल्या पापुद्र्यातून, कपारींतून लांबवर सरकते. म्हणून गट एकत्र कोंडाळं करून बसू नये. दोघांमध्ये किमान १५-२० मीटर अंतर ठेवावं, एकमेकांना दिसत राहावं. एकाला लागलं तर बाकीचे उठून त्याला वाचवायला शिल्लक हवेत, हे त्यामागचं थंड पण खरं गणित.

जयपूरजवळच्या आमेर किल्ल्यासमोरच्या टेहळणी मनोऱ्यावर ११ जुलै २०२१ रोजी वीज पडली आणि ११ जण मेले. पावसाची मजा घ्यायला, फोटो काढायला लोक वर गेले होते. टेकडीच्या माथ्यावर मनोरा आणि मनोऱ्यावर दाटीवाटीनं माणसं: वर सांगितलेलं सगळं एका जागी जमलं होतं.

राजगड ते तोरणा, घड्याळ लावून

संजीवनी माचीच्या अळू दरवाजातून बाहेर पडून डोंगरधारेनं तोरण्याच्या बुधला माचीवर चढायचं, ही महाराष्ट्रातल्या ट्रेकरांची लाडकी चाल. रमतगमत गेलं तर अख्खा दिवस. मधली खिंड आणि तिथला वेल्हे-भुतोंड्याचा रस्ता सोडला, तर सबंध वाट उंच सोंडेवरची. कारवी, गवत, कातळ, आणि दोन्ही बाजूंना उतार.

उन्हाळ्यात पुष्कळ गट काय करतात? ऊन टाळायचं म्हणून सकाळी उशिरा आवरतात, दुपारभर सावलीत पडतात, आणि तीन-चारला चालू लागतात. तोरण्यावरून सूर्यास्त बघायचा असतो. माझ्या मते ही उन्हाळी ट्रेकची सर्वांत वाईट आखणी आहे. वळवाच्या विजांचा जोर दुपारी साधारण तीन ते संध्याकाळी सातपर्यंत असतो. म्हणजे ऊन टाळून माणूस नेमका विजेच्या वेळेला धारेवर हजर. संध्याकाळी निघणाऱ्या कात्रज ते सिंहगड अशा रात्रीच्या चालींनाही मे महिन्यात हाच धोका. रात्री आठ-नऊपर्यंत आभाळ निवळलं नसेल तर निघूच नये.

उलट आखणी अशी: राजगडावर मुक्काम, पहाटे पाचला उजेडाच्या आधी निघणं, दहा-साडेदहाला खिंडीत. ही खिंड म्हणजे निर्णयाची जागा, कारण इथून रस्त्यानं खाली उतरता येतं आणि इथून पुढे तशी सोय नाही. खिंडीत पोचल्यावर आभाळ बघावं. अकराच्या आत जर डोंगरांवर ढगांचे गोळे उभे वाढताना दिसत असतील, रुंदीपेक्षा उंची जास्त असेल, तर दिवस वेगानं पुढे चालला आहे. हेच गोळे दुपारी एकला दिसले असते तर कदाचित चाललं असतं, अकराला दिसले म्हणजे दोनच्या आत ते बर्फापर्यंत पोचणार. तेव्हा वेल्ह्याची वाट धरावी. तोरणा कुठे जात नाही, हे वाक्य ट्रेकमध्ये सगळे म्हणतात, पण बस आधीच ठरवलेली असली की कोणी पाळत नाही.

आणखी एक खूण अंगाला कळते. तापलेल्या दुपारी एकाएकी गार वारा सुटतो, मातीचा वास येतो. सगळे सुखावतात, कोणी हात पसरून उभं राहतं. तो वारा वादळाच्या पोटातून खाली कोसळलेल्या थंड हवेचा असतो. म्हणजे पाऊस कुठेतरी जवळच सुरू झालेला आहे. धारेवर या वाऱ्याचे झोत माणसाचा तोल घालवण्याइतके जोरदार असू शकतात. तो अंगाला लागल्याबरोबर उतरायला लागावं.

चौकट : आवाजाचा हिशेब

उजेड ताबडतोब दिसतो, आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर वेगानं येतो. लखलखाट ते गडगडाट यांतले सेकंद मोजा आणि ३ ने भागा: वीज किती किलोमीटरवर पडली ते कळलं. १५ सेकंद म्हणजे ५ किलोमीटर.

३० सेकंद किंवा त्याहून कमी, म्हणजे १० किलोमीटरच्या आत. एकाच ढगातल्या लागोपाठच्या दोन विजा एवढ्या अंतरावर पडू शकतात. तेव्हा पुढची तुमच्यावर पडणं शक्य आहे.

शेवटचा गडगडाट ऐकल्यापासून ३० मिनिटं धारेवर परत चढू नका. पुन्हा ऐकू आला की घड्याळ शून्यापासून.

डोंगरात मधे कडा किंवा सोंड आली तर आवाज अडतो. तेव्हा ऐकू आलं नाही म्हणजे वीज लांब आहे, असं धरू नका. ढग डोक्यावरच तयार होत असेल तर मोजायला लांबची वीज मिळणारही नाही, पहिलीच वीज जवळ पडेल.

आडोसा खरा आणि खोटा

उघड्यावर पूर्ण सुरक्षित अशी जागा नसते. कमी वाईट जागा असतात.

पहिलं काम धार सोडणं. माथ्यापासून शे-दीडशे मीटर उतरलात तरी फरक पडतो. कारवीची एकसारख्या उंचीची दाटी चालेल, तिच्यातून डोकं वर काढणारं एकटं झाड चालणार नाही. ओढ्याची घळ टाळा, वर पाऊस झाला की तिथून पाणी येतं. शिड्या, कठडे, तारा, कड्याला चिकटून उभं राहणं, सगळं टाळा.

कपारीचा मोह मोठा असतो. पाऊस लागत नाही म्हणून चार जण कड्याच्या ओठाखाली पाठ टेकून बसतात. कड्यावर पडलेली वीज पृष्ठभागावरून खाली येताना त्या ओठावरून तळाकडे उडी मारते, आणि मधे माणसं असतात. हरिश्चंद्रगडासारखी खोल कोरीव लेणी त्यामानानं बरी, पण तोंडाशी बसू नये, भिंतीला टेकू नये, आत मध्यावर सॅकवर बसावं. माथ्यावरचं छोटं दगडी देऊळ पावसापासून वाचवतं. वीजरोधक नसेल तर विजेपासून वाचवेल असं नाही, विशेषतः कळसावर धातूचा झेंडा असेल तर.

काहीच जमलं नाही तर सॅकवर उकिडवं बसा, पाय जुळलेले, डोकं खाली, कान हातांनी झाकलेले. याला उपाय म्हणणं जास्त होईल. अमेरिकेच्या हवामान सेवेनं ही शिफारस करणं सोडलं आहे, कारण लोक उतरायचं सोडून बसून राहतात. अंगावरचे केस उभे राहिले, कठड्यातून किंवा काठीतून भुणभुण ऐकू आली, तर मात्र क्षणभरही दुसरं काही करायला वेळ नसतो. तेवढ्यापुरतं बसावं, आणि लगेच उठून पुन्हा उतरावं.

खरा आडोसा पायथ्याच्या गावात. वायरिंग आणि नळ असलेलं पक्कं घर, कारण वीज त्या तारांतून आणि नळांतून जमिनीत जाते. अर्थात तेव्हा नळाला आणि प्लगला हात लावायचा नाही. किंवा पत्र्याचं बंद वाहन: जीप, मोटार, एसटी. मायकेल फॅरेडे यांनी १८३६ मध्ये धातूच्या जाळीनं वेढलेल्या खोलीत बसून दाखवलं होतं, की बाहेर ठिणग्या उडत असल्या तरी आत विद्युतभार शिरत नाही. वाहनात तेच होतं, वीज पत्र्यावरून खाली जाते. रबरी चाकांचा यात काही संबंध नाही. कित्येक किलोमीटर हवा फोडून आलेली वीज वीतभर रबराला काय जुमानणार! म्हणूनच दुचाकी, रिक्षा आणि ट्रॅक्टर यांचा उपयोग नाही.

माणूस पडला तर

वीज लागलेल्या माणसाच्या अंगात वीज शिल्लक राहत नाही. त्याला हात लावला तर झटका बसतो, या समजुतीपायी गावोगाव मोलाची मिनिटं वाया जातात. ताबडतोब हात लावा.

प्रवाह हृदयातून गेला की ते थांबतं. तरुण, निरोगी माणसाचं हृदय बरेचदा आपलं आपण पुन्हा चालू होतं. पण मेंदूतलं श्वासाचं केंद्र अधिक वेळ बंद राहतं. श्वास नाही म्हणून प्राणवायू नाही, आणि प्राणवायू नाही म्हणून हृदय दुसऱ्यांदा थांबतं. हे दुसरं थांबणं जिवावर बेततं, आणि तेच आपण टाळू शकतो. छातीच्या मध्यावर मिनिटाला १०० ते १२० दाब, आणि जमत असेल तर तोंडानं श्वास. १०८ ला फोन दुसऱ्यानं करावा.

एरवीच्या अपघातात जो कण्हतो आहे त्याच्याकडे आधी जातात आणि निपचित पडलेल्याला मेलेला समजतात. विजेच्या अपघातात क्रम उलटा ठेवायचा. कण्हणारा श्वास घेतो आहे, तो बहुधा वाचेल. निपचित पडलेल्याकडे आधी जा.

अंदाज कुठवर कामाचा?

हवामान खातं जिल्ह्याला पिवळा किंवा नारिंगी इशारा देतं, तेव्हा ते 'राजगडावर चार वाजता' असं सांगू शकत नाही. वळवाचं एक वादळ आठ-दहा किलोमीटर रुंद असतं आणि तासाभरात जन्मून विरून जातं. कुठल्या सोंडेवर ते उभं राहील, हे कातळ किती तापला आणि खारा वारा किती आत आला, अशा बारीकसारीक गोष्टींवर ठरतं. इशाऱ्याचा अर्थ एवढाच, की आज सामान जमलेलं आहे. तेवढ्यावरून निघायची वेळ दोन तास अलीकडे आणता येते, आणि ते पुरेसं असतं.

पुण्यात पाषाणला असलेल्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं देशभर वीज टिपणारे संवेदक बसवले आहेत, आणि त्यांच्या नोंदींवरून 'दामिनी' हे अॅप तुमच्या आसपास २० ते ४० किलोमीटरांत पडलेल्या विजा दाखवतं. अॅप चांगलं आहे, फुकट आहे, मराठीतही आहे. फक्त दोन गोष्टी ध्यानात ठेवा. ते मुख्यतः पडून गेलेल्या विजेची बातमी देतं, डोक्यावर नव्यानं उभ्या राहणाऱ्या ढगाची नाही. आणि धारेवर बऱ्याच जागी रेंज नसते. पायथ्याच्या घरी, जिथे परतल्यावरचं जेवण सांगून ठेवलेलं असतं, तिथला नंबर जवळ ठेवावा आणि खिंडीत एक दांडी मिळाली की विचारावं: दादा, खालनं ढग कसा दिसतोय? डोंगरावर असलेल्या माणसाला स्वतःच्या डोक्यावरच्या ढगाचा फक्त काळा तळ दिसतो. त्याचा माथा कुठवर गेलाय, कडा पुसट झाली का, हे पाच-सहा किलोमीटरवरून, अंगणात उभ्या असलेल्या माणसालाच नीट दिसतं.